पायजम्याची नाडी कमी पडायला लागली की: हार्ट पेशंटच्या उजव्या पंपाकडे लक्ष कसं ठेवायचं

आमच्या अण्णांचं दुखणं सगळ्यात आधी आईला कळलं, तेही कपडे वाळत घालताना. "पूर्वी ह्यांच्या नाडीचं टोक हातभर लोंबायचं, आता गाठ मारायला पुरत नाही," असं ती म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो, रिटायर माणूस आहे, पोट सुटणारच म्हटलं. अण्णांना तोपर्यंत हार्ट फेल्युअरचं (हृदयाचा पंप वीक पडून रक्त पुरेसं ढकलत नाही, त्याचं) निदान होऊन सहा वर्षं झाली होती, अॅटॅकनंतर ईएफ (हृदयाचा डावा भाग दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) ३५ वर आलेला, गोळ्या चालू, दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, सगळं अंगवळणी पडलेलं. मग जेवण कमी झालं, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे, उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणायचे. एका डॉक्टरांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी लिव्हरचं टॉनिक दिलं, त्यात दीड महिना गेला. आणि वजन म्हणाल तर ते आम्ही रोज करत होतो हो, तिथेच तर फसलो, काटा ६१ च्या आसपासच दाखवायचा. मांड्या आणि दंड झिजत चालले होते आणि तेवढंच पाणी पोटात भरत होतं, बेरीज तीच!

शेवटी पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं, लिव्हर मुळात बिघडलेलं नाहीये, हृदयाकडून तुंबलंय, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. इको केला तेव्हा कळलं की उजवी बाजू ढेपाळलीये, आणि जुनी फाइल काढून बघितली तर आदल्या वर्षीच्या रिपोर्टमध्येही तळाला एक ओळ होतीच, आम्ही फक्त ईएफचा आकडा बघून फाइल मिटवत होतो.

मी डॉक्टर नाही, गेली तीन वर्षं फाइल, गोळ्यांची डबी आणि काटा सांभाळणारी मुलगी आहे. ज्यांच्या घरी नुकतंच "उजव्या बाजूलाही थोडा प्रॉब्लेम आहे" असं सांगितलंय आणि पुढे काय करायचं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. गोळीचा डोस कमीजास्त करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, तो ह्यातलं वाचून करू नका.

आधी एवढं समजून घ्या

हृदयात दोन पंप असतात, मधे एकच सामायिक भिंत. डावा पंप अख्ख्या शरीराला रक्त पाठवतो, १२० च्या प्रेशरने. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचवायचं असतं, तिथे वरचं प्रेशर साधारण २५, त्यामुळे त्याची भिंतही पातळ, ३ ते ५ मिमी. ह्या उजव्याचा स्वभाव असा की रक्त जास्त आलं तर तो ताणून घेतो, निभावतो, पण समोरचा दाब वाढला की लवकर दमतो.

आता डावा पंप वीक झाला किंवा कडक झाला की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, तिथलं प्रेशर वाढतं, आणि बिचाऱ्या उजव्याला त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं ढकलत राहावं लागतं. उजवा पंप बिघडण्याचं सगळ्यात कॉमन कारण हेच, डावा बिघडणं. पुढे उजवाही थकला की तुंबण अजून मागे सरकते, म्हणजे लिव्हर, आतडी, किडनी, पाय. सोसायटीची ड्रेनेज लाइन चौकात चोक झाली की घाण पाणी आधी तळमजल्याच्या बाथरूममधून वर येतं ना, तसंच.

बाकी कारणंही आहेत आणि कधीकधी दोन-तीन एकत्र असतात. वर्षानुवर्षं विडी-सिगरेट, किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आपल्याकडच्या बायका, ज्यांना कधी विडी न ओढताही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, होतो. जुन्या टीबीने खराब झालेलं फुप्फुस. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन अरुंद झालेली झडप. फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी. झोपेत घोरताना श्वास अडकणं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की उजवी बाजू डाव्यामुळे बिघडलीये की फुप्फुसामुळे, की दोन्ही. उपचार त्यावरच ठरतो.

आपणच दुर्लक्ष करतो असं नाही बरं का, डॉक्टरकीच्या इतिहासातही हा पंप सावत्र लेकरूच राहिलाय. १९४३ साली अमेरिकेत स्टार नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या पंपाची भिंत डागून निकामी केली आणि बघितलं तर शिरांमधला दाब फारसा वाढलाच नाही, मग पुढे बरीच वर्षं समज असा की उजवा पंप म्हणजे नुसती रक्त जायची नळी, बंद पडला तरी चालतंय. त्या कुत्र्यांची फुप्फुसं ठणठणीत होती, पुढे दाब नव्हता, हा मुद्दा बाजूला राहिला. आपल्या पेशंटच्या पुढे दाब असतो.

पहिलं काम: इकोचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचा

टू डी इकोच्या कागदावर सगळ्यांची नजर ईएफवर जाते. ईएफ हा डाव्या पंपाचा आकडा आहे, उजव्याबद्दल तो काहीच सांगत नाही. ईएफ ५५ असूनही उजवी बाजू पार दमलेली असू शकते, विशेषतः बीपी, शुगर आणि वजन तिन्ही वाढलेल्या लोकांत, ज्यांचा डावा पंप आकुंचन नीट पावतो पण सैल पडत नाही. म्हणून खाली जा आणि हे शोधा.

एक म्हणजे टॅप्सी (कागदावर TAPSE). उजव्या पंपाची कडा प्रत्येक ठोक्याला किती मिलिमीटर खाली सरकते त्याचं माप. १७ मिमीच्या खाली असेल तर उजवा पंप वीक आहे असं धरतात. अण्णांचा १२ होता.

दुसरं म्हणजे पीएएसपी किंवा आरव्हीएसपी, फुप्फुसाच्या नळीतलं वरचं प्रेशर. हे इकोत थेट मोजता येत नाही, उजवीकडची झडप लीक असते त्या लीकच्या धारेचा वेग मोजून काढतात. धारेचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ३ चा वर्ग ९, त्याला ४ ने गुणलं की ३६, त्यात उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजे दाब, समजा ८, मिळवला की ४४. हे अंदाजाचं गणित आहे, त्यामुळे दोन सेंटरच्या रिपोर्टात ५-७ चा फरक आला तर घाबरू नका.

आणि आता ह्यातली मेख. आमच्याकडे एका इकोत पीएएसपी ६० होता, टॅप्सी १८. पुढच्या इकोत पीएएसपी ४८ वर आला, आणि आम्ही दोघी मायलेकी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून खूश, प्रेशर उतरलं म्हणून. डॉक्टर मात्र खूश नव्हते. त्यांनी टॅप्सीवर पेन टेकवलं, १२. म्हणाले, "अहो, ढकलणाराच दमला तर प्रेशर येणार कुठून?" पाइपात प्रेशर कमी झालं ते पाइप मोकळा झाला म्हणूनही असू शकतं आणि मोटर बसली म्हणूनही असू शकतं. तेव्हापासून मी हे दोन आकडे कायम जोडीने लिहिते, तुम्हीही लिहा.

तिसरं, टीआर, म्हणजे उजवीकडच्या झडपेचं लीक, माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर. पंप फुगला की झडपेचं तोंडही रुंदावतं आणि लीक वाढतं, लीक वाढलं की पंप अजून फुगतो, असं ते चक्र. चौथं, आयव्हीसी, म्हणजे पोटातून वर येणारी मोठी शीर. ती २१ मिमीपेक्षा जाड असेल आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावरही निम्म्याने दबत नसेल तर मागे पाणी तुंबलंय असा अर्थ. रिपोर्टमध्ये ह्यातलं काही लिहिलेलंच नसेल तर पुढच्या वेळी इको करायच्या आधी सांगा, "उजव्या बाजूची मापं पण लिहा." लिहितात, मागावं लागतं एवढंच.

दुसरं काम: घरी बघायला शिका

पाय सगळेच बघतात. नडगीच्या हाडावर अंगठा ५ ते १० सेकंद दाबून धरा, काढल्यावर खड्डा राहिला तर पाणी आहे. घोट्यापाशी, मग नडगीच्या मध्यावर, मग गुडघ्याखाली, खड्डा कुठपर्यंत पडतो ते लिहा. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर पाय बघून उपयोग नाही, पाणी खाली उतरतं, कंबरेच्या मागे माकडहाडाच्या वर दाबून बघा. एकाच पायाला सूज, तोच पाय गरम आणि दुखरा, तर ते हृदयाचं समजू नका, गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

पोट मात्र कुणी बघत नाही. शिंप्याची टेप आणा, बेंबीवरून, सकाळी, श्वास सोडल्यावर, आठवड्यातून दोनदा मोजा. दोन घासांत पोट भरणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, हे सगळं लिव्हर आणि आतडी सुजल्यामुळे होऊ शकतं. हार्ट पेशंटला नवीन "अॅसिडिटी" सुरू झाली आणि आठवड्यात गेली नाही की पोटाच्या डॉक्टरबरोबर हार्टच्या डॉक्टरलाही फोन करा, आमचा दीड महिना गेला तसा तुमचा घालवू नका.

मानेची शीर बघणं जरा अवघड, पण जमतं. पेशंटला खुर्चीत ताठ बसवायचं, तोंड जरा डावीकडे, उजेड बाजूने पडेल असा. ताठ बसलेलं असताना उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या वर शीर फुगलेली किंवा लकलकताना दिसली तर दाब वाढलेला आहे. पहिल्या चार वेळा काही दिसणार नाही, दिसलं तरी खात्री वाटणार नाही. ओपीडीत डॉक्टर बघत असतील तेव्हा "मला पण दाखवा ना" म्हणा, एकदा दिसली की मग कायमची दिसते.

अजून एक खूण, फार सोपी. चपलेचा पट्टा लावायला किंवा देवापुढे रांगोळी काढायला वाकलं की अर्ध्या मिनिटात दम लागतो का? उभं असताना ठीक आणि वाकल्यावर धाप, हे आत दाब वाढल्याचं लक्षण असतं.

तिसरं काम: वजन, पण डोकं वापरून

काटा डिजिटल घ्या, फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तसेच हलके कपडे. डायरी कुठे तर काट्याच्या शेजारीच, पेन दोऱ्याने बांधून, नाहीतर पेन घरातली पोरं नेतात आणि चार दिवस नोंदच नाही.

सूज पूर्ण उतरलेली असताना जे वजन असतं ते ड्राय वेट, डॉक्टरांकडून तो आकडा विचारून पहिल्या पानावर मोठ्ठा लिहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ म्हणजे ते पाणीच, चरबी एवढ्या वेगाने चढत नाही. आमच्या डायरीतलं एक पान सांगते: ५८.४, ५८.६, ५९.३, ६०.१, ६०.७. मधे आषाढी एकादशी होती. एकादशी, दुप्पट खाशी, साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा, वेफर्स, आणि सगळं सैंधव मिठात म्हणून "हे चालतं" अशी समजूत. ६०.१ ला फोन केला, डॉक्टरांनी लघवीची गोळी तीन दिवस वाढवून दिली, सहाव्या दिवशी ५८.७. अॅडमिट व्हायची वेळ आली नाही.

पण सुरुवातीला सांगितलं तसं, ड्राय वेट हा दगडावरचा आकडा नाही. मांस झडलं की खरं ड्राय वेट खाली जातं, आणि काटा तोच राहिला तरी पाणी वाढलेलं असतं. म्हणून काटा, टेप आणि पाय तिन्ही. दर दोन-तीन महिन्यांनी "ड्राय वेट अजून तेच धरायचं का" हे विचारत जा. उलटंही होतं, मे महिन्यातल्या उन्हात किंवा जुलाब लागल्यावर वजन ड्राय वेटच्या खाली जातं, उभं राहिलं की चक्कर येते, वरचं बीपी ९० च्या आत जातं, तेव्हा लघवीच्या गोळीचं काय करायचं हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं.

चौथं काम: रक्ताच्या रिपोर्टकडे ह्या नजरेने बघा

बिलिरुबिन थोडं वाढलं, डोळे पिवळसर वाटले की घरात लगेच कावीळ म्हणून पथ्य सुरू होतं, कुणी गावठी औषध आणतं. लिव्हर तुंबल्यामुळेही हे होतं आणि पाणी उतरलं की सुधारतं, गावठी औषधाने लिव्हर आणि किडनी दोन्हीचं वाटोळं होऊ शकतं.

क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या आकड्याची, गोष्ट तर उलटीच. ते वाढलं की सगळ्यांना वाटतं लघवीच्या गोळीने किडनी खराब केली, गोळी बंद करा. कधीकधी ते खरंही असतं. पण किडनीतून रक्त बाहेर न्यायच्या शिरा तुंबल्या तरी क्रिएटिनिन वाढतं, आणि अशा वेळी गोळी वाढवून पाणी काढलं की ते खाली येतं. आमच्याकडे १.९ वरून १.४ वर आलं, गोळी दुप्पट केल्यावर. कुठली केस आपली हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून नुसता लॅबचा आकडा बघून घरी गोळी बंद करू नका.

पोटॅशियमवर लक्ष हवं, लघवीच्या काही गोळ्यांनी ते उतरतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्यांनी चढतं. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट महाग असते, दर वेळी लागत नाही, आणि केली तर शेजारच्या काकांच्या आकड्याशी तुलना करू नका, आपल्याच जुन्या आकड्याशी करा, वय, किडनी, लठ्ठपणा, ठोक्यांची अनियमितता ह्या सगळ्याने तो बदलतो.

पाचवं काम: गोळ्या

उजव्या पंपाला ताकद देणारी अशी खास वेगळी गोळी नसते, हे आधी पचवा. डाव्याचा उपचार नीट करणं आणि पाणी काढणं, मुख्य काम हे दोनच.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, सकाळी घ्यायची, दुसरा डोस असेल तर दुपारी तीन-चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात पडायची भीती. एसटीने गावाला जायचंय, लग्नाला जायचंय म्हणून लोक ती त्या दिवशी घेतच नाहीत, आणि नेमकं त्याच दिवशी पंगतीत जेवतात. टाळू नका, वेळ पुढे-मागे करता येते, पोचल्यावर घेतली तरी चालेल का ते विचारून ठेवा. आतडी सुजलेली असतील तर फ्युरोसेमाइडची गोळी पोटातून नीट शोषली जात नाही, म्हणून "घरी चार गोळ्या घेऊनही लघवी होत नाही आणि हॉस्पिटलमध्ये एका इंजेक्शनने बादलीभर होते" असं दिसतं. टॉर्सेमाइड जास्त भरवशाने शोषलं जातं, पण २०२३ साली छापून आलेल्या, २८०० च्या वर पेशंटांच्या अमेरिकन ट्रायलमध्ये दोन्ही गोळ्यांच्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. तेव्हा गोळी कुठली ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ती लागू पडतेय का ते काट्यावर बघा.

स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांच्या छातीत गाठ येते, दुखते, आणि लाजेने कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. सांगा, त्याला दुसरी गोळी आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या मूळच्या शुगरच्या गोळ्या, आता शुगर नसलेल्या हार्ट पेशंटलाही देतात, "मला डायबेटिस नाही, चुकून लिहिली" म्हणून ठेवून देऊ नका. त्यांनी लघवीच्या जागी फंगस होऊ शकतो, स्वच्छता ठेवा. ऑपरेशनच्या आधी काही दिवस त्या बंद करतात आणि उलट्या-जुलाबात जेवण बंद असेल तेव्हाही, दोन्ही वेळा विचारून.

आता मेडिकलवाल्याकडून परस्पर आणल्या जाणाऱ्या गोष्टी, इथेच जास्त घोटाळे होतात. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक ह्या गोळ्या पाणी आणि मीठ धरून ठेवतात, दोन-तीन दिवसांत सूज येते. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि अॅसिडिटीची पावडर म्हणजे सोडियमच. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर पायोग्लिटाझोन हे नाव शोधा, तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांत ते लपलेलं असतं, हार्ट फेल्युअरमध्ये ते चालत नाही, दिसलं तर त्याच आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांना दाखवा. अॅम्लोडिपिन आणि प्रीगॅबॅलिनने पण घोट्याला सूज येते, तेव्हा सगळी सूज हृदयाच्या नावावर टाकण्याआधी डबी तपासा.

सिल्डेनाफिलबद्दल एक शब्द. फुप्फुसाचं प्रेशर कमी करायची गोळी म्हणून नेटवर वाचून लोक विचारतात. फुप्फुसाच्या नळ्यांच्याच काही आजारांत ती चालते, पण प्रेशर डाव्या पंपामुळे वाढलेलं असेल तर सहसा देत नाहीत, आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटबरोबर पडली तर बीपी धाडकन कोसळतं.

सहावं काम: मीठ, आणि हे आईशी भांडून होत नाही

जागतिक आरोग्य संघटना साध्या निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा सगळ्या जेवणाचा मिळून. भाजीतलं मीठ अर्धं करणं हा लोकांना पहिला उपाय सुचतो आणि मग पेशंट जेवतच नाही. आमच्याकडे उलटं केलं, भाजीत थोडं ठेवलं आणि ताटाची डावी बाजू काढली. लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची, कुरडया. मग डबे बघितले: फरसाण, खारी, टोस्ट, इन्स्टंट सूप. कोकणातल्या माणसाला सुका बोंबील आणि खारवलेला मासा सोडणं जड जातं, ताजा मासा खा की, कमी मीठ लावून. पाव-ब्रेडमध्ये मीठ असतं हे जिभेला कळत नाही. लिंबू, आमसूल, जिरं, लसूण, ओली मिरची ह्यांनी चव भरून काढता येते, दोन-तीन आठवड्यांत जीभ बदलते खरंच.

सैंधव मीठ हे मीठच आहे, त्यात सोडियम असतंच. आणि लो-सोडियम म्हणून जे पाकीट मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, स्पायरोनोलॅक्टोन किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्याला ते धोक्याचं, ठोके बिघडू शकतात. नारळपाण्याचंही तेच, रोज एक शहाळं "थंडाव्याला" म्हणून सुरू करू नका.

पाणी किती प्यायचं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलं असेल तर त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं धरायचं. सकाळी तेवढ्या मापाची बाटली भरून ठेवायची आणि चहा प्यायला की तेवढं पाणी त्यातून ओतून टाकायचं, ही आईची युक्ती, हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही. जेवण थोडं थोडं चार-पाच वेळा, सुजलेल्या पोटाला ते झेपतं, आणि डाळ, अंडं, मासे हे किती द्यायचं ते किडनी बघून विचारा, मांस झडणं थांबायला हवं ना.

सुजलेल्या पायांची कातडी पातळ होते, भेगेतून इन्फेक्शन शिरतं, खोबरेल लावा, अनवाणी फिरू देऊ नका. दाब देणारे मोजे मनाने आणू नका. दम लागत नसेल त्या दिवशी अंगणात दहा मिनिटं चालणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

फोनवर न थांबता निघायचं कधी

बसल्या जागी धाप, आडवं होताच येत नाही, छातीत दुखतंय, शुद्ध हरपली किंवा हरपता हरपता राहिली, ओठ निळे, गुलाबी फेसाळ थुंकी, माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा लघवी जवळपास बंद झाली. १०८ ला फोन करा. रिक्षात बसवून तीन जिने उतरवत नेऊ नका, आम्ही एकदा तसं केलंय आणि दुसऱ्या मजल्यावर अण्णा पायरीवरच बसले, तो पाच मिनिटांचा काळ अजून आठवतो. फाइल, गोळ्यांची यादी आणि शेवटचा इको एका पिशवीत दाराच्या खुंटीला टांगून ठेवा. मोठा खर्च समोर आला तर हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार त्याच पिशवीत.

ओपीडीत जाताना

पाच मिनिटं मिळतात, त्यामुळे बोलायचं ते आधी कागदावर. डायरीचा फोटो, टेपचं माप, नवीन सुरू झालेली कुठलीही गोळी, अगदी डोळ्याचे थेंब धरून. प्रश्न असे: टॅप्सी आणि प्रेशर मागच्यापेक्षा कसं आहे? टीआर वाढलाय का? ठोके नियमित आहेत का? वजन किती वाढलं तर गोळी किती वाढवायची ते लिहून द्याल का? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा, आमच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिलंय, त्याची झेरॉक्स फ्रिजवर आहे, आणि रात्री साडेदहाला कुणाला फोन करू हा प्रश्न निम्म्या वेळा त्यानेच सुटतो. आजार पुढच्या टप्प्यावर गेला असेल, वारंवार अॅडमिट व्हावं लागत असेल, तर पुढे काय काय करायचं आणि काय काय नाही करायचं हेही पेशंट शुद्धीत आणि मूडमध्ये असताना त्यालाच विचारा, हे आम्ही फार उशिरा केलं, अण्णांची मतं आमच्यापेक्षा बरीच स्पष्ट निघाली.

मागच्या महिन्यात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हात पुढे केला, "चला काका, नाडी बघू." अण्णांनी मनगट दिलंच नाही, सदरा वर केला आणि गाठीखाली लोंबणारी नाडी दाखवली, चांगली वीतभर.